चरबी गेली, तिच्या जागी काय आलं?

फास्ट फूडची एखादी कंपनी ‘आम्ही अमुक घटक काढून टाकला’ अशी जाहिरात करते, तेव्हा त्या ओळीत अर्धीच माहिती असते. काढलेला घटक स्वयंपाकघरात एकच काम करत नसतो. तळणाचं तेल उष्णता पोहोचवतं, चव देतं, कुरकुरीतपणा राखतं आणि दिवसामागून दिवस तापूनही टिकतं, म्हणून खर्च आवाक्यात राहतो. बर्गरचा कागद तेल अडवतो, वाफ थोडी बाहेर सोडतो आणि ऊब धरतो. मीठ चव देतं, पावाच्या पिठातल्या यीस्टला लगाम घालतं आणि मांसात पाणी धरून ठेवतं. यातला एक घटक गेला की त्याची तीन-चार कामं उघडी पडतात. ती दुसऱ्या कोणावर तरी सोपवली जातात, आणि पुढचा वाद बहुतेक वेळा त्या दुसऱ्यावरूनच होतो.

हे एकदा लक्षात आलं की गेल्या पस्तीस वर्षांतले बदल सुटे सुटे दिसत नाहीत. सुरुवात फ्राइजपासून करू, कारण तिथे ही साखळी सगळ्यात लांब आहे.

तळणाच्या तेलाची फेरी

अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज १९९० पर्यंत ज्या मिश्रणात तळले जात, त्यात सुमारे ९३ टक्के बीफ टॅलो, म्हणजे गोमांसाची वितळवलेली चरबी, आणि उरलेलं वनस्पती तेल असे. तळणासाठी ही चरबी फार सोयीची. तिच्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त (कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध नसलेली) किंवा एकच दुहेरी बंध असलेली असतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा तापवली तरी लवकर बिघडत नाही. वर बटाट्याला मांसाची चव फुकटात मिळते. दोष आरोग्याचा होता: संपृक्त चरबीने रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. ओमाहाचे उद्योजक फिल सोकोलॉफ यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन या चरबीविरुद्ध मोहीम चालवली, आणि जुलै १९९० मध्ये कंपनीने वनस्पती तेलाकडे जाण्याची घोषणा केली.

अडचण अशी की सोयाबीनचं साधं तेल मोठ्या फ्रायरमध्ये फार तग धरत नाही. त्यात लिनोलेनिक आम्ल असतं, आणि त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन नेमका या बंधांच्या आसपास हल्ला करतो. तेल काळवंडतं, त्याला उग्र वास येतो. टिकण्याचं जे काम टॅलो करत होतं ते करायला कोणी तरी हवं होतं, म्हणून तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडून काही दुहेरी बंध मिटवले गेले. आपल्याकडच्या डालड्यामागचं तंत्र हेच. मात्र ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबवली की उरलेल्या बंधांपैकी बऱ्याच बंधांची रचना उलटते आणि ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घटवतं. हृदयाच्या काळजीपोटी चरबी हटवली, आणि तिच्या जागी हृदयाला तिच्याहून वाईट पदार्थ आला. त्या काळात हे नीट माहीत नव्हतं, हेही न्यायाने म्हटलं पाहिजे.

सप्टेंबर २००२ मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत ट्रान्स फॅट कमी असलेलं तेल फेब्रुवारी २००३ पर्यंत आणू, असं सांगितलं. मुदत हुकली. ती हुकल्याचं ग्राहकांना नीट कळवलं नाही, म्हणून दावे झाले आणि २००५ मध्ये ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातले ७० लाख अमेरिकन हार्ट असोसिएशनला गेले. उशीर का झाला, याचं उत्तर तांत्रिक आहे. हजारो शाखांना एकाच चवीचे फ्राइज द्यायचे तर नव्या बियाण्याचं पीक आधी शेतात यावं लागतं. ओलेइक आम्ल (ज्यात एकच दुहेरी बंध असतो) जास्त आणि लिनोलेनिक कमी असलेल्या कॅनोला, सूर्यफूल आणि सोयाबीनच्या जाती त्या प्रमाणात उपलब्ध व्हायला काही हंगाम गेले. या जातींचं तेल हायड्रोजनशिवायच टिकतं. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २००६ मध्ये रेस्टॉरंटांतल्या ट्रान्स फॅटवर बंदी मंजूर केली, तळणाच्या तेलाला ती जुलै २००७ पासून लागू झाली, आणि २००८ पर्यंत मॅकडोनाल्ड्सचं अमेरिकेतलं तळणाचं तेल बदललेलं होतं. मुदत पाळायला भाग पाडलं ते कायद्याने. डेन्मार्कने तर २००३ मध्येच २ टक्क्यांची मर्यादा कायद्यात घातली होती. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने १० वरून ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली.

टॅलोचं आणखी एक काम होतं, चवीचं. ते भरून काढायला अमेरिकेत फ्राइजना बीफपासून केलेला स्वाद लावला गेला. घटकांच्या यादीत तो नुसता ‘नैसर्गिक स्वाद’ म्हणून दिसे. वनस्पती तेलात तळलेले म्हणून शाकाहारी लोक, त्यांत अनेक हिंदू, हे फ्राइज निर्धास्त खात होते. २००१ मध्ये सिएटलमध्ये दावा दाखल झाला, आणि त्याचा धक्का थेट महाराष्ट्रात बसला: मे महिन्यात ठाण्यातल्या शाखेची तोडफोड झाली. भारतात असा स्वाद वापरत नाही, असं कंपनीने स्पष्ट केलं. अमेरिकेतला दावा पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरवर मिटला. ही रक्कम हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना द्यायची होती.

आता फेरीचं शेवटचं वळण. बियांच्या तेलांविरुद्ध अमेरिकेत उठलेल्या लाटेवर स्वार होऊन स्टेक अँड शेक या साखळीने जानेवारी २०२५ मध्ये फ्राइज पुन्हा बीफ टॅलोत तळण्याची घोषणा केली, आणि तीही आरोग्याच्या नावाने. आधुनिक ओलेइक तेलापेक्षा टॅलो हृदयाला चांगलं, याला आधार नाही. चव मात्र नक्की वेगळी लागते.

टाकीतलं तेल कधी फेकायचं

तेल कोणतं, याइतकंच ते किती वेळा तापलं हे महत्त्वाचं. तळताना तेलावर एकाच वेळी तीन गोष्टी होतात. पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू तोडतं आणि मोकळी मेदाम्लं सुटतात, त्यामुळे तेल कमी तापमानाला धूर सोडू लागतं. हवेतल्या ऑक्सिजनने खवट वास येतो. उष्णतेने तुटके रेणू एकमेकांना चिकटून तेल दाट होतं, फेसाळतं आणि टाकीच्या कडांवर डिंकासारखा चिकट थर बसतो. या सगळ्यातून बनणाऱ्या पदार्थांना एकत्रितपणे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे टीपीसी म्हणतात. १ जुलै २०१८ पासून भारतात टीपीसी २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाद्यपदार्थासाठी वापरता येत नाही.

टीपीसी मोजायला हातात धरायचं मीटर मिळतं. त्याची टोकाकडची पट्टी गरम तेलात बुडवली की काही सेकंदांत आकडा येतो. चुका होतात त्या इथे: पदार्थ काढल्या काढल्या मोजलं तर तेलातल्या पाण्याच्या बुडबुड्यांमुळे आकडा फुगतो, म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत पाचेक मिनिटं थांबायचं, तेल ढवळायचं, आणि पट्टी टाकीच्या धातूपासून लांब धरायची. दुसरी गोष्ट, ताजं पामोलिन मुळातच सूर्यफुलापेक्षा वरचा आकडा दाखवतं. त्यामुळे पामोलिनच्या पहिल्या दिवसाचा आकडा पाहून भेसळीचा संशय घेऊ नये.

तेलाचं आयुष्य वाढवण्याचे मार्ग साधे आहेत आणि साखळी-रेस्टॉरंट ते चोख पाळतात, कारण त्यात पैसे वाचतात. तापमान १६८ ते १७५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचं. गिऱ्हाईक नसताना टाकी पूर्ण तापमानावर चालू ठेवायची नाही. जळके कण रोज गाळून काढायचे, कारण तेच पुढच्या घाण्याला काळा रंग देतात. बर्फाचे खडे लागलेले गोठवलेले फ्राइज झटकून टाकायचे. मीठ टाकीवर धरून भुरभुरायचं नाही, बाजूच्या ताटलीत घालायचं. तांब्या-पितळेचं भांडं तळणाला वापरायचं नाही, कारण तांबं तेलाच्या बिघाडाला वेग देतं. ही शेवटची सूचना साखळी-रेस्टॉरंटपेक्षा आपल्याकडच्या फरसाणवाल्यांच्या जास्त उपयोगाची.

फेकलेल्या तेलाचं काय होतं, हा आरोग्याचा आणि पर्यावरणाचा जोड-प्रश्न आहे. पूर्वी मोठ्या हॉटेलांचं वापरलेलं तेल स्वस्तात छोट्या विक्रेत्यांकडे जाई आणि पुन्हा कढईत पडे. एफएसएसएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘रुको’ ही मोहीम सुरू केली: दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंदी ठेवायच्या आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं. मुंबईतल्या मॅकडोनाल्ड्सचं असं तेल बायोडिझेलमध्ये बदलून माल पोहोचवणाऱ्या ट्रकांत वापरायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये हेच काम २००७ पासून चालू आहे. तेल तापून बिघडलेलं असणं हा खाण्यातला दोष इंधनात फारसा आड येत नाही. मेथनॉलशी अभिक्रिया करून ग्लिसरिन वेगळं काढलं की झालं, फक्त मोकळी मेदाम्लं जास्त असतील तर साबण होतो आणि उत्पादन घटतं. म्हणजे तेल वेळेवर काढलं तर खाणाऱ्याचाही फायदा आणि बायोडिझेलवाल्याचाही.

बटाट्यातलं ॲक्रिलमाइड

एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ॲक्रिलमाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे. ते कोणी घातलेलं नसतं, त्यामुळे ‘काढून टाकलं’ अशी जाहिरातही करता येत नाही. युरोपीय संघाने एप्रिल २०१८ पासून नियम लागू केले. खायला तयार फ्राइजसाठी किलोला ५०० मायक्रोग्रॅम ही संदर्भ पातळी ठरली आणि तळण शक्य तिथे १७५ अंशांच्या खाली ठेवायला सांगितलं.

खरी लढाई मात्र शीतगृहात होते. बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवला की पिष्टाची साखर होते, मग फ्राइज तपकिरी-कडवट होतात आणि ॲक्रिलमाइड वाढतं. म्हणून प्रक्रियेचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात. इतक्या उबेत त्याला कोंब फुटतात. कोंब रोखायला क्लोरप्रोफाम नावाचं रसायन फवारत, पण युरोपीय संघाने आरोग्याच्या कारणावरून त्याची परवानगी काढून घेतली आणि २०२० मध्ये वापर थांबला. आता तिथे इथिलीन वायू किंवा पुदिन्याच्या तेलाची धुरी देतात. दोन्ही महाग, आणि इथिलीनने काही जातींत साखर वाढते. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याला वाट करून देतो, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

कारखान्यात बटाट्याच्या सळ्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून साखर धुऊन काढतात, आणि मग सोनेरी रंग एकसारखा यावा म्हणून मोजून थोडं डेक्स्ट्रोज वरून लावतात. आधी काढून मग परत लावणं विचित्र वाटतं, पण निसर्गाने दिलेली साखर प्रत्येक बटाट्यात वेगळी असते, कारखान्याने दिलेली सारखी. घरी हाच परिणाम हवा असेल तर चिरलेला बटाटा अर्धा ते दोन तास गार पाण्यात ठेवावा, निथळून पुसावा आणि रंग सोनेरी झाला की थांबावं.

कागद हा नुसता कागद नसतो

नोव्हेंबर १९९० मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत बर्गरची थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरीन फोमची डबी बंद केली. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या संस्थेसोबत त्याच वर्षी समिती नेमली होती. डबीच्या जागी आलेलं वेष्टन तीन पदरी होतं: आत टिश्यू, मध्ये पॉलिथिनचा पातळ पडदा, बाहेर कागद. ते पुनर्वापराला जात नव्हतं, पण कचऱ्याचा आकार प्रचंड घटला. फोम म्हणजे बहुतांश हवा, त्यामुळे ट्रक, गोदाम आणि कचरापेटी तिन्ही ठिकाणी जागा वाचली. हा बदल टिकला तो याच कारणाने. पर्यावरणाचा जो बदल वाहतुकीचा खर्चही कमी करतो तो मुदतीआधी होतो, बाकीचे मुदतीनंतर.

कागदाला तेल अडवायला शिकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पीफास गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं. अगदी थोड्या मात्रेत ती कागदाच्या तंतूंवर बसतात आणि तेल-पाणी दोन्ही झटकतात. कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट की ती निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. पाण्यातून, अन्नातून ती शरीरात येतात आणि त्यांतली काही वर्षानुवर्षं राहतात. फोम नको म्हणून कागदाकडे वळलेल्या उद्योगाला हे रसायन हाताशी मिळालं होतं. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनात ते बंद केलं. मॅकडोनाल्ड्सने जानेवारी २०२१ मध्ये २०२५ पर्यंत ते काढण्याचं जाहीर केलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की अन्नाच्या वेष्टनासाठी अशी तेलरोधक रसायनं तिथे आता विकली जात नाहीत. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरवली आहे.

पीफासशिवाय तेल कसं अडवायचं? कारखान्यात याचं माप ‘किट टेस्ट’ने घेतात. एरंडेल, टोल्यूइन आणि हेप्टेन यांची १ ते १२ क्रमांकांची मिश्रणं असतात. क्रमांक वाढेल तसं मिश्रण जास्त आक्रमक. थेंब टाकून १५ सेकंदांनी पुसतात आणि डाग पडला का ते बघतात. पीफासवाला कागद वरचे क्रमांक सहज पार करतो. लगदा खूप कुटून छिद्रं बुजवलेला ग्लासिन कागद, किंवा पाण्यात विरघळवून लावलेला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा थर ही पर्यायी साधनं आहेत, पण घडी घातली की थर तडकतो आणि तेल नेमकं घडीतून झिरपतं. बर्गर दहा मिनिटांत खाल्ला जात असेल तर चालून जातं, घरपोच मागवलेल्याला अर्धा तास लागतो. म्हणून एकाच साखळीत दुकानात खाण्याचं आणि पार्सलचं वेष्टन वेगळं असणं हे योग्य नियोजन आहे, ढोंग नाही.

स्ट्रॉची गोष्ट थोडक्यात. ब्रिटनमध्ये मॅकडोनाल्ड्सला रोज सुमारे १८ लाख स्ट्रॉ लागत. २०१८ मध्ये प्लास्टिक सोडून कागदाच्या आणल्या, त्या मिल्कशेकमध्ये विरघळतात अशी तक्रार आली, म्हणून जाड केल्या. २०१९ मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं की जाडीमुळे त्यांचा पुनर्वापर होत नाही, तर जुन्या प्लास्टिकच्या स्ट्रॉचा होऊ शकत होता. समुद्रातल्या कचऱ्याच्या दृष्टीने कागदच बरा, एवढं म्हणता येतं.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढून प्लास्टिक पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरायची प्लास्टिकची ताटं-कप-चमचे बंद केले. अंमल तीन महिन्यांनी सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. चमचे लाकडाचे झाले, झाकणं-स्ट्रॉ कागदाच्या. देशभर अशीच बंदी १ जुलै २०२२ ला आली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी कप-ताटल्यांनाही हात घातला. हे वर्म होतं, कारण कागदी कपाच्या वजनात सुमारे ५ टक्के तरी प्लास्टिकचं अस्तर असतं आणि तेच कागद गिरणीला त्रास देतं. अस्तर मक्यापासूनच्या पीएलए या जैव-प्लास्टिकचं असेल तर कपावर ‘कंपोस्टेबल’ लिहिता येतं, पण पीएलए कुजायला ५८ अंशांच्या आसपास तापलेला औद्योगिक ढीग लागतो. सोसायटीच्या खतपेटीत तो कप पुढच्या पावसाळ्यातही ओळखू येईल.

यापुढचं पाऊल फ्रान्सने टाकलं. १ जानेवारी २०२३ पासून २० हून जास्त आसनांच्या रेस्टॉरंटांत बसून खाणाऱ्याला धुऊन वापरायचीच भांडी द्यावी लागतात. नवी अडचण वाळवण्याची निघाली: चिनी मातीची ताटली यंत्रातून बाहेर आल्यावर स्वतःच्या उष्णतेने वाळते, प्लास्टिकची लगेच गार होते आणि ओलीच राहते. ओली भांडी एकात एक रचली की वास येतो. शिवाय फ्राइजचे लाल डबे लोक आठवण म्हणून घरी नेऊ लागले. धुऊन वापरण्याचं गणित भांडं किती वेळा परत येतं यावर उभं असतं, त्यामुळे चोरी हा इथे पर्यावरणाचा मुद्दा ठरतो. जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहराने वेगळी वाट धरली: एकदा वापरायच्या प्रत्येक डब्यावर ५० सेंट कर. तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या शाखाचालकांनी आव्हान दिलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात घटना न्यायालयाने कर वैध ठरवला.

मेनूवरचे आकडे कसे वाचायचे

भारतात दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थाचे किलोकॅलरी आणि वाढीचा आकार लिहावा लागतो. सोबत प्रौढाला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, ही ओळही. आकडा बघताना तो नुसत्या बर्गरचा आहे की पेय-फ्राइजसह, हे आधी पाहावं. बहुतेक फसगत तिथेच होते. मिठाचा आकडा वेगळ्या तक्त्यात आणि सोडियमच्या रूपात असतो. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम.

आकडे सुधारण्याचे सगळे मार्ग सारख्या वजनाचे नसतात. मॅकडोनाल्ड्सने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पावातून मक्याचं फ्रुक्टोज सिरप काढून साखर घातली. शरीराला दोन्ही जवळपास सारखीच. २०१८ मध्ये सात बर्गर कृत्रिम परिरक्षकांशिवाय केले, पण काकडीच्या लोणच्यात ते राहिलं. नको असेल तर लोणचं वगळा, असं कंपनीच सांगत होती. त्याच वर्षी मुलांच्या हॅपी मीलसाठी ६०० किलोकॅलरी आणि ६५० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा ठरली. त्यासाठी चीजबर्गर मेनू-फलकावरून उतरवला, मागितला तर मिळतो. हे हसण्यावारी नेऊ नये, कारण बहुतेक लोक फलकावर दिसतं तेच मागवतात. बर्गर किंगचा २०१९ चा इम्पॉसिबल व्हॉपर मांसाविना होता आणि नेहमीच्या व्हॉपरच्या तुलनेत किलोकॅलरी ६६० वरून ६३० वर आल्या, पण सोडियम ९८० वरून १,०८० मिलिग्रॅमवर गेलं. मांस गेल्यावर चवीचं काम मिठाने अंगावर घेतलं.

नावही तपासलं जातं. २०२३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेवर कारवाई केली: ‘चीज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत चीजसदृश पर्याय आहेत आणि ते ग्राहकाला कळत नाही, असा आक्षेप होता. कंपनीने काही पदार्थांच्या नावांतून तो शब्द काढला, मात्र आपण खरंच चीज वापरतो, हे म्हणणं कायम ठेवलं.

भारतातला अलीकडचा बदल २०२४ च्या बहुधान्य पावाचा. मॅकडोनाल्ड्सच्या पश्चिम व दक्षिण भारतातल्या चालक कंपनीने म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेसोबत ज्वारी, बाजरी, नाचणी अशी पाच भरडधान्यं घालून बन तयार केला. पूर्ण भरडधान्याचा का नाही, याचं उत्तर भाकरी करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे: ज्वारीच्या पिठाला गरम पाण्याची उकड देऊनही ते गव्हासारखं ताणत नाही, कारण ग्लुटेन नसतं. वायू धरून फुगायचं आणि सॉसने भिजूनही न तुटायचं, हे काम गव्हालाच करावं लागतं.

जे बदलायला सगळ्यात अवघड

कोंबडीतल्या प्रतिजैविकांबाबत दोन वाक्यं वेगळी वाचावीत. ‘कधीच प्रतिजैविक नाही’ आणि ‘माणसाच्या औषधोपचारात महत्त्वाची प्रतिजैविकं नाहीत’. दुसऱ्यात आयोनोफोर गटाची औषधं चालतात. ती पक्ष्यांच्या आतड्यातल्या कॉक्सिडियोसिस या परजीवीच्या आजारावर देतात आणि माणसांना देत नाहीत. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत २०१६ मध्ये दुसरं वाक्य पूर्ण केलं. चिक-फिल-ए ही अमेरिकेतली चिकनची साखळी पहिल्या वाक्यावर होती आणि मार्च २०२४ मध्ये पुरवठ्याचं कारण देत दुसऱ्यावर उतरली. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या प्रश्नासाठी दुसरं वाक्यही पुरेसं चांगलं आहे, पण जाहिरातीत दोन्ही सारखीच वाचली जातात.

हवामानाचा प्रश्न मात्र बीफपाशी येऊन अडतो. बर्गर किंगने जुलै २०२० मध्ये जाहिरात केली की शेवटच्या महिन्यांत गुरांना रोज १०० ग्रॅम वाळलेला गवती चहा दिला तर त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू, दिवसाला ३३ टक्क्यांपर्यंत घटतो. शास्त्रज्ञांचा आक्षेप सोपा होता: गुराच्या आयुष्यातला बहुतेक मिथेन त्याआधी, कुरणात चरताना निघतो. मॅकडोनाल्ड्सच्या मांसाविनाच्या मॅकप्लांट बर्गरची अमेरिकेतली चाचणी २०२२ मध्ये सुमारे ६०० शाखांपर्यंत नेली आणि तिथेच सोडली. सान फ्रान्सिस्को आणि डॅलस, दोन्हीकडे यश आलं नाही, असं कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी २०२४ मध्ये सांगितलं. याउलट पुरवठ्याच्या टोकाला केलेली एक गोष्ट मोठी ठरली. २००६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने ॲमेझॉनचं जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन युरोपातल्या कोंबड्यांच्या खाद्यात जातं हे दाखवलं. मॅकडोनाल्ड्सने कारगिलसारख्या व्यापाऱ्यांवर दबाव आणला, आणि त्याच जुलैमध्ये नव्याने तोडलेल्या जंगलातलं सोयाबीन न घेण्याचा करार झाला. ग्राहकाला ताटात काहीच वेगळं दिसलं नाही.

शेवटी उद्दिष्टांची भाषा. मॅकडोनाल्ड्सने २०१८ मध्ये २०३० साठी दोन आकडे जाहीर केले: रेस्टॉरंट आणि कार्यालयांचं उत्सर्जन २०१५ च्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी, आणि पुरवठा साखळीच्या उत्सर्जनाची तीव्रता ३१ टक्क्यांनी कमी. दुसऱ्यातला ‘तीव्रता’ हा शब्द महत्त्वाचा. ती दर टन अन्न आणि वेष्टनामागे मोजली जाते, आणि बीफ याच भागात येतं. तीव्रता ३१ टक्क्यांनी घटली आणि माल दीडपट झाला, तर ०.६९ गुणिले १.५ म्हणजे १.०३५. उद्दिष्ट पूर्ण होतं, एकूण उत्सर्जन साडेतीन टक्क्यांनी वाढतं. २०२१ मध्ये कंपनीने २०५० पर्यंत नक्त-शून्याचा शब्द दिला आणि नंतर उद्दिष्टंही सुधारून घेतली. कोणत्याही कंपनीचा असा अहवाल हाती आला तर टक्क्याच्या आधी त्याच्या मागचा भाजक बघावा: एकूण टन, दर टन, की दर रुपया विक्री.